टेबलाच्या पोटातली घरघर

कारखान्यात तिला सगळे गाळणीबाई म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे. पंचवीस वर्षं तिनं दुसरं केलंय काय? भरभर थरथरणारे आवाज अडवायचे आणि संथ आवाज तेवढे पुढे सोडायचे, अशी सर्किटं ती बनवत आली. तिच्या लाडक्या गाळणीत वीज साठवणारा एक इवलासा कपॅसिटर असे. त्याला जोडलेले स्विच ठरल्या ठेक्यात उघडमीट करत. इकडून चिमूटभर वीज घ्यायची, तिकडे ओतायची, सेकंदाला चाळीस हजार वेळा! ठेका बदलला की काय अडवायचं आणि काय सोडायचं तेही बदलतं. या युक्तीवर तिचा भारी जीव.

डॉक्टरीणबाईंनी हृदयाचे ठोके मोठ्यानं ऐकवणारं यंत्र मागितलं, तेव्हा तिनं हीच गाळणी बसवली. जुने लोक अशा गाळणीच्या आधी एक साधा रेझिस्टर आणि एक साधा कपॅसिटर लावतातच. तिनं ते वगळले. म्हणे, गाळणीला आणखी गाळणी कशाला? अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

यंत्र तपासायला पहिली छाती मिळाली ती वडिलांची. बाबा निवृत्त बसड्रायव्हर. शर्ट काढून ते तिच्या कामाच्या टेबलाशी ऐटीत बसले. तिनं हेडफोन लावला. धक-धक, धक-धक, आणि त्यामागे सारखी घरघर. तिनं हेडफोन कानाशी आणखी घट्ट दाबला.

"काय गं, इंजिन गेलं की काय?" बाबांनी विचारलं.

तिला खोटं बोलता येत नाही, हा तिचा जुनाच दोष. तिनं घरघरीचं सांगून टाकलं आणि डॉक्टरीणबाईंची शुक्रवारची वेळ घेतली. बाबांनी जिना चढणं सोडलं, गच्चीवरच्या कुंड्या वाळू लागल्या.

गुरुवारी सकाळी तिनं यंत्र स्वतःच्या छातीला लावलं. घरघर! मग तिरमिरीत टेबलाला लावलं. तीच घरघर!

"बाबा, टेबलालाही हृदयविकार आहे!"

बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि झारी घेऊन तडक गच्चीवर गेले. तिचा जीव भांड्यात पडला. शुक्रवारची वेळ तिनं फोन करून रद्द केली.

पण टेबल घरघरतं तरी का? हा किडा काही डोक्यातून जाईना. तिनं वायरी बदलल्या, डबा उघडला, मिटला. दुपारी बाबा टीव्हीवर सिनेमा बघत होते आणि नेहमीसारखे चिडले होते.

"हे बघ. गाडी पुढे चाललीय आणि चाकं मागे फिरतायत, तीही सावकाश. पस्तीस वर्षं स्टिअरिंग धरलं मी, असं चाक नाही पाहिलं."

"कॅमेरा सारखा नाही हो बघत, बाबा. थांबून थांबून बघतो. मधल्या वेळात चाक किती फिरलं ते त्याला..."

ती मध्येच थांबली. तिची गाळणीही थांबून थांबूनच बघत होती. म्हणजे तिच्या ठेक्याच्या अगदी जवळच्या ठेक्यात काही थरथरत असेल, तर ते तिला संथ भासणार आणि ती ते खुशाल पुढे सोडणार. तिनं वर पाहिलं. काखेत कळसा! टेबलावरचा नवा दिवा विझवला, घरघर बंद. लावला, सुरू. दिव्याचं सर्किटही सेकंदाला चाळीस हजार आणि वर थोड्या वेळा अशीच उघडमीट करत होतं. ती एकटीच टाळ्या पिटत हसली. अशी मजा तिला कित्येक वर्षांत आली नव्हती.

जुन्या लोकांचे ते रेझिस्टर आणि कपॅसिटर तिनं मुकाट्यानं गाळणीच्या आधी जोडले. वेगवान थरथर आता दारातच अडली. दिवा चालू असूनही टेबल चिडीचूप.

"बाबा, या. आता तुमचं इंजिन ऐकू."

बाबा पुन्हा ऐटीत बसले. धक-धक. मागची घरघर गेली होती, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. आणि म्हणूनच प्रत्येक जोडीतल्या पहिल्या ठोक्यानंतर एक बारीक फुसकाराही ऐकू आला. तिनं दिवा विझवला. फुसकारा होताच. स्वतःच्या छातीला लावून पाहिलं, तिथे नव्हता. टेबलातही नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच आपलं काम चुकलेलं असावं, असं तिला मनापासून वाटलं.

"काय म्हणतंय टेबल?" बाबांनी विचारलं.

"टेबल बरं झालं, बाबा." तिनं फोन उचलून डॉक्टरीणबाईंचा नंबर लावला.

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे यंत्र चांगलं जमलं तुला," ते म्हणाले आणि शर्टाची बटणं लावू लागले.