परत मिळालेली भाजणी

काकूंनी भाजणीची पिशवी डिकीतून उचलली आणि माझ्या हातात दिली.

"ही तूच ठेव ग," त्या म्हणाल्या. "तुलाच लागेल. नवीन जागा, सुरुवातीला फार हाल होतात खाण्याचे."

मग काळ्या मसाल्याचा डबा दिला. मग शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. तिन्ही वस्तू माझ्या आईने घरी केलेल्या. दुकानातून आणलेलं मेतकुटाचं पाकीट, हिंगाची डबी, उदबत्त्या आणि काकांच्या गुडघ्याच्या गोळ्या त्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकल्या. त्यांच्यावर कंपनीचं नाव छापलेलं होतं.

बर्मिंगहॅम विमानतळाचा कार पार्क. भर दुपार. मी मुंबईहून दुबई आणि दुबईहून इथे, असा आयुष्यातला पहिला विमानप्रवास करून आले होते. पाय सुजले होते. विमानात बूट काढले ते नीट चढले नव्हते, टाचा बाहेरच होत्या.

वीस मिनिटांपूर्वी, बाहेर येणाऱ्यांची वाट बघतात तिथे, याच काकूंनी याच पिशवीत नाक घातलं होतं. "अहाहा. घरची ती घरचीच," असं म्हणाल्या होत्या.

मधल्या वीस मिनिटांत एकच गोष्ट झाली. त्यांनी विचारलं, स्कॉलरशिप कुठली. मी सांगितलं.

हे लिहिताना मला संकोच वाटतो. काका-काकू मला घ्यायला आले होते. अनोळखी मुलीसाठी कोण येतं? कॉव्हेंट्रीतल्या मराठी लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नवीन येणाऱ्या विद्यार्थ्याला कुणीतरी गाडी घेऊन आणायला जातं, आणि येणारा त्या घरासाठी थोडं सामान घेऊन येतो. तशी पद्धतच आहे. मला ती आवडली होती. आमच्या घरातून कुणी कधी जिल्ह्याबाहेर शिकायला गेलं नव्हतं. त्या देशात आपल्याला नेणारं माणूस आहे, एवढ्यानेच आईला झोप लागू लागली.

काकूंनी यादी पाठवली. यादीत लिहिलं होतं, "भाजणी घरगुतीच हं. विकतची नको, तिला हातचा वास नसतो."

आईने मला ते दोनदा वाचायला लावलं.

"विलायतेतली बाई माह्या हातचं मांगते?" ती म्हणाली.

तिला एवढं का वाटलं ते मला माहीत होतं. आई गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. मी तिसरीत असताना गावातली काही माणसं आली आणि हेडमास्तरांना म्हणाली, आमची पोरं हिच्या हातचं खाणार नाहीत. भांडण झालं नाही. आरडाओरडा नाही. दुसऱ्या दिवसापासून शिजवायला दुसरी बाई आली आणि आईला भांडी घासायला बसवलं. पातेलं तेच. ते घासणारा हात चालत होता, त्यात ढवळणारा चालत नव्हता. आईने काम सोडलं नाही, सोडून चालणारं नव्हतं. मी रोज रांगेत बसून खिचडी खायची. हापशाजवळ आई बसलेली असायची. मी तिकडे बघायची नाही.

ते न बघणं मला अजून आठवतं.

तर त्या आईने चार दिवस भाजणी केली. धान्यं धुऊन पोत्यावर वाळत घातली. एकेक वेगळं भाजलं. गिरणीवाल्याला सांगून आधी गिरणी झाडून घेतली, दुसऱ्याच्या पिठाचा वास लागू नये म्हणून. बॅग भरताना वजन जास्त झालं. गोधडी काढायची की भाजणी, असा प्रश्न आला. आईनेच गोधडी काढली. म्हणाली, "थंडी सोसता येते. शब्द देल्ला ना आपन."

बर्मिंगहॅमला उतरल्यावर लांब रांग होती. काचेमागच्या अधिकाऱ्याने कागद बघितले. इंग्रजीत विचारलं, शिक्षणाचा खर्च कोण करतंय? मी म्हटलं, भारत सरकार. तो म्हणाला, ओके. बस.

बाहेर काकूंनी मला जवळ घेतलं. "दमलीस ना? चल, वरणभात टाकूनच निघालेय. आधी घरी जेव, मग तुझ्या हॉलवर, म्हणजे हॉस्टेलवर, सोडतो." मला रडू येईल असं वाटलं. मी तिथेच बाकावर बॅग उघडली आणि सामानाची कापडी पिशवी काढून त्यांना दिली. काका म्हणाले, "अग, कार पार्कमध्ये दे ना. काय घाई?" मला घाई होती. आईचं काम पोचतं करायचं होतं.

लिफ्टकडे जाताना काकूंनी विचारलं, "आणि स्कॉलरशिप कुठली ग तुझी?"

या प्रश्नाचं उत्तर मला येतं. पुण्यात कॉलेजला असताना शिकले होते. "सरकारी आहे एक," असं म्हणायचं आणि लगेच दुसरं काही विचारायचं. माझं आडनाव गावावरून पडलेलं आहे, शेवटी 'कर' आहे. त्यामुळे निभावतं. तीन वर्षं निभावलं.

त्या दिवशी मी फार दमले होते. दुसरं काही सुचलं नाही. मी पूर्ण सांगितलं. केंद्राच्या समाजकल्याणची, अनुसूचित जातीच्या मुलांना परदेशी शिकायला मिळते ती.

"अच्छा," काकू म्हणाल्या. "अच्छा, अच्छा. गुड फॉर यू." थोडं चालल्यावर म्हणाल्या, "आडनावावरून वाटलं नाही हो."

मग त्या काकांबरोबर चालू लागल्या. पार्किंगच्या मशीनपाशी दोघं हळू आवाजात बोलले. मी मागे बॅग ओढत होते. बॅगेचं एक चाक अडकत होतं.

गाडीपाशी काकांनी माझी बॅग डिकीत ठेवली. काकूंनी कापडी पिशवी उघडली आणि वस्तू निवडायला लागल्या. निवडताना त्यांचा चेहरा साधाच होता. भाजी निवडताना असतो तसा.

काका म्हणाले, "तुला आपण डायरेक्ट हॉलवरच ड्रॉप करू, हां? घरी जरा पाहुणे यायचेत आज."

वरणभाताचं कुणी काही बोललं नाही.

मला पटकन बोलता येत नाही. वर्गातही हात वर करायच्या आधी वाक्य मनात दोनदा म्हणून बघते. तिथेही तसंच केलं. मग विचारलं, "काकू, भाजणी चांगली नाही का?"

"अग नाही, छानच असणार."

"मग?"

त्यांनी काकांकडे बघितलं. काका किल्लीशी खेळत होते.

"आमच्याकडे घट बसतात ग," काकू म्हणाल्या. "आता आठवड्यावर आलंय नवरात्र. देवाचं असतं. मी तसं काही मानत नाही, पण यांच्या आईंचं आहे सगळं. तू शिकलेली आहेस. तू समजून घेशील."

आवाज गोड होता. म्हणून उशिरा लागलं. मला एकदम हापसा दिसला. माझी खिचडीची थाळी. खाली घातलेली माझी मान.

मी म्हटलं, "नाही. मी नाही समजून घेणार."

एवढंच. याहून चांगलं वाक्य नंतर पुष्कळदा सुचलं, तेव्हा सुचलं नाही. मी डिकीतून बॅग काढली. जड होती, कोपऱ्याने नडगीला लागली.

"डोन्ट बी सिली," काका म्हणाले. "एकटी कुठे जाणार तू? तुला इथलं काही माहीत नाही."

"विचारीन कुणाला तरी."

"बघ, लोक किती मनाला लावून घेतात," काकू त्यांना म्हणाल्या. मी तिथेच उभी होते तरी.

भाजणी, मसाला आणि चटणी मी माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये भरली. मेतकुटाचं पाकीट मागितलं नाही. तेही माझ्याच हातांनी माझ्या कपड्यांत गुंडाळून आणलेलं होतं. ते चाललं.

आत परत आले. पिवळं जाकीट घातलेली एक बाई जमीन पुसत होती. तिला कॉव्हेंट्री विचारलं. तिने मॉप भिंतीला टेकवला आणि जिन्यापर्यंत सोबत आली. "टेन मिनिट्स ऑन द ट्रेन, लव्ह," ती म्हणाली.

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. पण तेवढंच होतं. वर एक छोटी, ड्रायव्हर नसलेली गाडी येते. तिला तिकीट लागत नाही. ती स्टेशनवर सोडते. स्टेशनवर तिकीट काढायचं, फलाट बघायचा, बसायचं. खिडकीतून सपाट हिरवी शेतं, गोदामं, पुन्हा शेतं. सॅक मांडीवर घेऊन बसले. डोळा लागायच्या आत कॉव्हेंट्री आलं.

या दहा मिनिटांच्या रस्त्यासाठी आईने गोधडी बाहेर काढली होती.

हॉलच्या खोलीत पलंगावर नुसती गादी होती. चादर, पांघरूण आपलं आपण आणायचं असतं. मी जाकीट घालूनच आडवी झाले. आईचा फोन आला.

"आवडली का व त्यायले भाजनी?"

मी म्हटलं, "आवडली."

"वास घेतला?"

"घेतला."

ही गोष्ट इथे संपली असती. मी लेक्चरला जाऊ लागले, भाजणी कपाटात वरच्या फळीवर राहिली. मी ती उघडली नाही. डिसेंबरात, जानेवारीच्या नव्या मुलांसाठी, ग्रुपवर पुन्हा याद्या सुरू झाल्या. लातूरच्या एका मुलीने मला एकटीला मेसेज केला. "ताई, काकूंनी घरगुती भाजणी सांगितली आहे. तुम्ही पण आणली होती ना? आमची आई उद्यापासून करायला घेतेय."

तिचं आडनाव मी बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवलं.

आधी आईला फोन केला. सगळं सांगितलं. वीस मिनिटं, डिकी, घट, पाहुणे. आईच्या मागे कुठे तरी कुकरची शिट्टी झाली.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "आवडली म्हनली तवा तुहा आवाज असा होता, शाळेतून घरी आल्यावर माहा असे तसा."

मग म्हणाली, "मी भांडे घासले अन् कोनाले काई बोलली नाई. त्यानं काई झालं नाई, बाई. भांडेच घासत राह्यली."

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं. सहा वेळा खोडून लिहिलं. "विमानतळावरून कॉव्हेंट्रीला ट्रेनने दहा मिनिटं लागतात. ज्यांना आणायला कुणी नसेल त्यांना मी येऊन घेऊन जाईन. बदल्यात काही आणायला नको. सप्टेंबरमध्ये माझ्या आईने केलेली भाजणी माझी स्कॉलरशिप कळल्यावर परत दिली गेली. माझी स्कॉलरशिप अनुसूचित जातीची आहे."

मग काकूंनी लिहिलं, "खूप मिसअंडरस्टँडिंग झालंय." मग कुणीतरी लिहिलं, हा ग्रुप अशा विषयांसाठी नाही. तासाभराने माझा मेसेज दिसेनासा झाला. मी तो परत टाकला. मग मला ग्रुपमधून काढलं.

लातूरच्या मुलीला घ्यायला मी गेले. ट्रेनने. तिच्या बॅगेत गोधडी होती.

भाजणी मी उघडली. चार महिन्यांनी थोडी कडवट झाली होती. थालीपीठ लावलं आणि पूर्ण खाल्लं.

त्या दुपारी लिफ्टपाशी मी खरं बोलले, त्यात धाडस नव्हतं. खोटं बोलायचा कंटाळा आला होता आणि पाय दुखत होते. अजूनही दर नव्या ओळखीत तो प्रश्न येतो, आणि जुनं उत्तर जिभेवर तयार असतं. मी ते देणार नाही. झोप झालेली असताना, पोट भरलेलं असताना, समोरचा कितीही गोड बोलत असताना, मी स्कॉलरशिपचं पूर्ण नाव सांगणार. मग आईचं काम सांगणार. आणि सांगताना मान खाली घालणार नाही.