पूनमसिंगच्या टिप्परची वेसण

पूनमसिंग राठोड इंजिनाच्या बॉनेटवर तळहात ठेवून गाडीची तब्येत सांगायचा. वणीच्या कोळसा खाणीवरचे ड्रायव्हर त्याला हसत आणि मग आपलीही गाडी दाखवायला आणत. हे ज्ञान घराण्यातलं होतं. त्याचे पूर्वज लदेणीवर होते, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारे. असा माणूस बैलाचा कान चिमटीत धरतो आणि त्याच्या अंगातला ताप ओळखतो. पुढे लदेणी संपली, महागावजवळ तांडा कायमचा वसला, पाठोपाठ शेती आली. पूनमसिंगचे पाय मात्र शेतात रमले नाहीत. वणीला येऊन त्याने कोळशाच्या गाड्या चालवल्या आणि उतारवयात स्वतःचं टिप्पर केलं. बैल गेले होते, ओझं तेवढं राहिलं होतं.

मग उजव्या डोळ्यासमोर धूर उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, हा आता हटणार नाही. स्टिअरिंग मुलाच्या, प्रेमच्या हातात गेलं. प्रेम मनाचा चांगला, पण पायाचा जड. भरलेली गाडी चढावर कण्हत असली तरी त्याचा पाय एक्सलेटरवरून उठत नसे. मागच्या उन्हाळ्यात त्याने असाच एक पिस्टन वितळवला. तेव्हापासून पूनमसिंग त्याच्या शेजारच्या सीटवर बसून जाऊ लागला. बायको भुरीबाई एकदा भाकर थापता थापता म्हणाली की तू किती दिवस बसशील त्याच्या बाजूला, आणि तू नसशील तेव्हा कोण बसंल?

ते वाक्य पूनमसिंगच्या छातीत जाऊन बसलं. म्हणून मीटर आलं. इंजिनातून निघणाऱ्या धुराचा ताप मोजणारं. एक सळई धुराच्या वाटेत बसवायची, तिची वायर केबिनमध्ये आणायची, डॅशबोर्डवर काटा. काटा लाल पट्ट्याकडे सरकला की पाय उचलायचा. आपण नसू तेव्हा आपल्या जागी हा काटा बसेल, असं पूनमसिंगने मनाशी ठरवलं होतं.

चंद्रपूर रोडवरच्या उकंडा मिस्त्रीने मीटर हातात फिरवून पाहिलं. "याले बॅटरीबी लागत नाई, पूनमभाऊ," तो म्हणाला. "तापच याले चालवते. आमच्या भुरीवहिनीसारखं हाये. चावी काढली तरी सुरू."

पूनमसिंग हसला. ते त्याचं त्या दिवसातलं शेवटचं हसू.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा; त्याच्या अलीकडे, धूर जिथून निघतो त्या जाड बिडाच्या नळीला भोक पाडायचं होतं. उकंडाने इंजिन सुरू करायला सांगितलं. चालू इंजिनावरच भोक पाडायचं, म्हणजे आतला धूर लोखंडाचा कीस बाहेर फेकतो. तोंड काळं होतं, हात भाजतो, पण आत काही राहत नाही. राहिलेला कण पुढे थेट टर्बोच्या पंख्यात जातो, आणि तो पंखा असा गरगर फिरतो की मोहरीएवढा कणही त्याला गोळीसारखा लागतो. उकंडाने हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं. पुढे कोणी म्हणू नये की सांगितलं नव्हतं.

पूनमसिंगने चावी काढून मुठीत धरली.

लहानपणी तांड्यात त्याने एक गोऱ्हा पाहिला होता. घाईच्या माणसांनी त्याला न पाडता, उभ्यानेच त्याचं नाक टोचलं. गोऱ्ह्याने मान झटकली आणि नाकपुडी पार फाटून लोंबली. त्यानंतर त्याला वेसण कधी घालता आली नाही, आणि तो कोणाच्या हातातही राहिला नाही. पूनमसिंगच्या बापाने तेव्हा पोराला सांगून ठेवलं की नाक टोचायचं तर जनावर आधी पाडायचं, पाय बांधायचे, त्याचा श्वास शांत होऊ द्यायचा. ते वाक्य इतकी वर्षं आत निजलं होतं. आता उकंडाच्या हातातलं ड्रिल पाहून उठून बसलं.

"उभ्या जनावराचं नाक टोचत नाई," तो म्हणाला.

"भाऊ, हे जनावर नाई."

"तुह्यासाठी नसन."

उकंडाने आणखी दोनदा समजावलं, मग खांदे उडवले. वयाने मोठं माणूस, गाडी त्याची. त्याने ड्रिलच्या टोकाला ग्रीस चोपडलं, थांबत थांबत भोक पाडलं, दर वेळी कीस पुसून घेतला. शेवटी ड्रिल आरपार गेलं तेव्हा आत कुठेतरी बारीकसा आवाज झाला. रिकाम्या तांब्यात तांदळाचा दाणा पडावा तसा. दोघांनी तो ऐकला. उकंडाने तारेला लोहचुंबक बांधून भोकातून आत फिरवलं, थोडा कीस आला. मग त्याने हात पुसले आणि, खाली बघतच, टर्बो उघडून पाहू का म्हणून विचारलं. एक दिवस जाईल. खाणीवर दुसऱ्या दिवशी सकाळी भरायचा नंबर होता. पूनमसिंगने राहू दे म्हटलं. भोकाला आटे पडले, सळई बसली, डॅशबोर्डवर काटा आला. भुरीबाईने मीटरच्या कड्याला शेंदूर लावला.

पहिले काही दिवस काटा शहाण्यासारखा वागला. प्रेमने आधी त्याची टिंगल केली, मग त्याला चाळाच लागला. काटा चढला की तो पाय उचली आणि बापाकडे बघून म्हणे की बघ बा, तुझा माणूस बोलला. पूनमसिंग मान हलवी. पण त्याचं लक्ष दुसरीकडे असे. टर्बोची शीळ तो वर्षानुवर्षं ऐकत आला होता. आता त्या शीळेच्या खाली आणखी एक आवाज होता, बारीक, दात खाल्ल्यासारखा. आणि वर्धा नदीच्या पुलापुढच्या चढावर, तेवढंच ओझं, तोच गिअर, तरी काटा दर खेपेला आदल्या खेपेहून थोडा वर उभा राही.

प्रेमला विचारलं तर तो म्हणाला की टर्बो वाजतोच. भुरीबाईला काही सांगितलं नाही. सांगायचं तर मुठीतली चावी सांगावी लागली असती. पूनमसिंग रोज ठरवी आणि रोज गाडी भरून निघे. अखेर एका सकाळी पुलावर त्याने तोंड उघडलं. "उद्या टर्बो उघडू."

"ही खेप टाकून येऊ, मंग उघडू," प्रेम म्हणाला.

चढाच्या मध्यावर शीळ थांबली.

थांबली म्हणजे एकदम, गळा धरल्यासारखी. आरशात निळा धूर उसळला, मागची गाडी दिसेना. प्रेमने पाय उचलला. इंजिनाचा आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला. त्याने क्लच आणि ब्रेक दाबला, तशी मोकळं सुटलेलं इंजिन किंचाळायला लागलं. काटा लाल पट्टा ओलांडून टोकाच्या खिळ्याला टेकला. प्रेमने चावी फिरवली, काढून घेतली. इंजिन चालूच होतं. टर्बोतून गळणारं स्वतःचंच तेल पिऊन ते धावत होतं, दोघांच्या गुडघ्यांमध्ये.

"बा, बंद नाई होऊन राह्यली."

पूनमसिंगला फाटलेल्या नाकाचा गोऱ्हा दिसला. त्याला धरायला वेसण उरली नव्हती. आणि दोर धरून आपलाच पोरगा उभा होता.

"वरच्या गिअरले टाक," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "ब्रेक सोडू नको. आता क्लच सोड. एकदम."

प्रेमने सोडला. सगळी गाडी गुडघ्यावर पडल्यासारखी हादरली, मागचा कोळसा गडगडला, आत काहीतरी मोठं तुटलं, आणि इंजिन मेलं.

धूर नदीकडे उतरत गेला. प्रेमचे हात स्टिअरिंगला आवळलेले होते, एका मुठीत चावी तशीच. पूनमसिंगने त्याची बोटं एकेक करून सोडवली, त्यातली चावी काढून घेतली.

"काहून झालं, बा? मी तं पाय उचलला होता."

"तुह्या पायानं नाई झालं," पूनमसिंग म्हणाला. "माह्या मुठीनं झालं."

प्रेमला अजून काही कळलं नव्हतं. पूनमसिंगने चावीची मूठ त्याच्यासमोर उघडली आणि उकंडाच्या दारातल्या त्या दुपारपासून सांगायला लागला. तो सांगत असताना समोरचा काटा, चावी नसतानाही, हळूहळू खाली येत होता. ताप उतरत होता. मरत्या बैलाचे कान असेच गार पडतात, तेव्हा तांड्यातली माणसं त्याच्या गळ्यातली घंटा सोडतात.