हवा ओळखणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताई गेल्या, हे त्यांच्या लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा मी कामोठ्याच्या घरून ड्यूटीला निघाले होते. ‘आई सकाळी उठलीच नाय मावशी…’ एवढंच ती बोलली. मी तशीच जिन्यात बसून राहिले. बाळंतिणींच्या वॉर्डात आम्ही दोघी वर्षानुवर्षं नर्स. त्या इथल्याच तळवली गावच्या, मी साताऱ्याकडची. ‘घाटावरची बाय’ म्हणून मला चिडवायच्या आणि मी चिडायचेही.

आमचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. ऊन फेब्रुवारीतच पेटायला लागलं, रात्रीसुद्धा भिंती निवेनात, तशी तापलेली, मलूल बाळं जास्त दिसायला लागली. हवामानबदल हा शब्द आमच्यासाठी पेपरातला. आम्ही प्रत्येक वेळी जंतुसंसर्गच शोधायचो. ताई मात्र मान वर करून तापलेल्या स्लॅबकडे बघायच्या. एका मे महिन्यातली दुपार मी विसरूच शकत नाही. तळवलीच्याच एका सुनेचं बाळ दूध ओढेना. अंग तव्यासारखं तापलेलं. आजीने रीतीप्रमाणे त्याला टोपडं घालून दुपट्यांत गच्च गुंडाळलेलं, पंखा बंद, खिडकी बंद. तान्ह्या बाळाला वारा लागू द्यायचा नाही, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. ताईंनी डॉक्टरांना बोलावणं धाडलं आणि दुपटी सोडायला घेतली. आजीने त्यांचा हातच धरला. ‘तू आपले गावची ना गो? पोराला वारा लागंल!’

मला वाटलं, आता जुंपणार. पण ताई तिच्या शेजारी बसल्या. ‘आये, तुजी रीत खोटी नाय. हवाच आता पयल्यासारखी रायली नाय…’ आणि आजीचाच तळवा त्यांनी बाळाच्या पोटावर टेकवला. मग म्हातारीने स्वतःच्या हाताने टोपडं काढलं. बाळाला खालच्या मजल्यावरच्या गार खोलीत नेऊन आईच्या छातीशी दिलं. डॉक्टर तपासत होते, ताई पुन्हा पुन्हा ताप बघत होत्या. संध्याकाळी ते पोर चुरूचुरू दूध ओढायला लागलं आणि मला रडू कोसळलं. कुणाला न दुखावता असं कसं जमतं एखादीला, याचं मला आजही नवल वाटतं.

पुढे आम्हा सगळ्यांना घेऊन त्यांनी वरिष्ठांकडे खेटे घातले आणि वॉर्ड खाली आणवलाच. आणखी एक केलं. ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती सांगायची, त्याला आम्ही ‘ओव्हर देणं’ म्हणतो. ताई शेवटी हवेचीही ओव्हर द्यायच्या. ‘आज घाम सुकत नाय. टोपडी बघा, आयांना पानी द्या.’ आधी आम्ही हसायचो, मग आम्हीही देऊ लागलो.

परवा ओव्हर देताना सगळ्या बाळंतिणींचं सांगून झालं आणि नेमकी तिथेच मी थांबले, खिडकीबाहेर बघत राहिले. ताई गेल्यानंतर रुजू झालेली, त्यांना कधीही न पाहिलेली एक मुलगी समोर उभी होती. ती म्हणाली, ‘सिस्टर, हवेचं सांगायचं राहिलं ना?’