सगुणी, मौजे गास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही. दर महिन्याला ज्यांच्याकडे रक्तदाब तपासायला जातो आणि जे मला उगाचच पाच मिनिटं बसवून घेतात, त्या डॉक्टरांनाही नाही. बायको असती तर तिलाही सांगितलं नसतं — तिने नुसतं माझ्याकडे बघितलं असतं, आणि ते मला सोसलं नसतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच ना? असेल.

मी निवृत्त शिक्षक. मुंबईतल्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, घर मात्र वसईत घेतलं, कारण तेव्हा आम्हाला परवडेल असं तेच होतं. मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. बायको गेली आणि मुलगा नोकरीसाठी पुण्याला स्थायिक झाला. मग घरात इतकी शांतता झाली, की कधीकधी संध्याकाळी लक्षात यायचं — सकाळपासून आपण तोंड उघडलेलंच नाही. रविवार तर सरत नसे. म्हणून मोडी लिपीच्या वर्गाला जायला लागलो. फार आवड होती असं नाही. तिथे माणसं होती.

त्या वर्गात मला एक गृहस्थ भेटले आणि मंडळात घेऊन गेले. मंडळाचं नाव सांगत नाही. वसईचा किल्ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, त्या मोहिमेत लढलेल्यांच्या वंशजांचं मंडळ — एवढं पुरे. चाळीस-बेचाळीस घराणी. अध्यक्षांचा सातिवलीला पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एकदा बैठक, चहा, गरम बटाटेवडे. दसऱ्याला शस्त्रपूजा. आणि मे महिन्यात विजयदिनाचा आमचा वेगळा, घरगुती कार्यक्रम — एका हॉलमध्ये. एकेका घराण्याचं नाव पुकारायचं, त्या घरातल्या माणसांनी उभं राहायचं, त्यांना फेटा बांधायचा, नारळ द्यायचा.

नावं पुकारायचं काम माझ्याकडे आलं. नव्या सभासदांचे जुने कागद वाचायचं, वंशावळ बरोबर आहे की नाही ते सांगायचं, तेही माझ्याकडे. लोक मला फोन करायला लागले. ‘सर, तुमच्याशिवाय होणार नाही’ म्हणायला लागले. मी वंशज नव्हतो — आमच्या घरातलं कुणी वसईला लढल्याचं मला तरी ठाऊक नाही — तरी पहिल्याच वर्षी त्यांनी मला फेटा बांधला आणि पुढच्या रांगेत बसवलं. त्या दिवशी घरी येऊन मी बराच वेळ फेटा काढलाच नाही. बघायला कुणी नव्हतं. तरीही.

मग द्वारकाबाई आल्या.

त्या गासच्या. साठी उलटलेल्या, उन्हाने रापलेल्या, नऊवारी नेसणाऱ्या. थोडी भातशेती, थोडी भाजीची वाडी — माहेरचीच; नवरा घरजावई आलेला, म्हणून आडनावही माहेरचंच. आधी त्या अध्यक्षांकडे गेल्या होत्या, कारण दोघांचं आडनाव एक. अध्यक्षांनी चहा पाजला आणि माझा पत्ता दिला — कागद वाचणारे ते आहेत, काय असेल ते सांगतील. तीन जिने चढून त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा हातात पालकाच्या दोन जुड्या आणि केळ्यांची फणी होती. मी पैसे द्यायला लागलो तर मान हलवली.

त्यांचं म्हणणं साधं होतं. त्यांच्या शेताच्या बांधावर एक दगड आहे. शेंदूर नाही, मूर्ती नाही, नुसता दगड. त्याला त्या सगुनाई म्हणत. दर वर्षी मे महिन्यात घरातल्या बायका तिथे नारळ फोडतात, पाणी शिंपडतात. पुरुष जात नाहीत. का जायचं, ते कुणालाच धड सांगता येत नाही.

“माजी आजी म्हनायची, सगुनाई फौजंसंगं आली,” त्या म्हणाल्या. “आनि गावात लोक म्हनतात, तुमी हे आडनाव चोरलंत. मास्तर, आमी कोन, ते कागदात असंल का?”

मी म्हटलं, बघतो. आणि खरंच बघणार होतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण यापुढे माझ्या बाजूचं असं काही येणार नाही.

त्या तीनदा आल्या. दर वेळी काहीतरी घेऊन — वांगी, मोगऱ्याच्या कळ्या. बसायच्या, पाणी प्यायच्या, पोथी वाचल्यासारखं मी मोडी कसं वाचतो ते बघायच्या. एकदा त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघून विचारलं, या कधी गेल्या? किती महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मंडळातल्याही कुणी नाही. हे मी विसरलो असतो तर बरं झालं असतं.

त्याच दिवसांत अध्यक्षांनी त्यांच्या घरचं दप्तर माझ्याकडे दिलं. लाल फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा. स्मरणिकेत छापण्याजोगं काही मिळतं का, बघायचं होतं. त्यांच्या घरात मोडी कुणालाच येत नाही. मी रोज सकाळी खिडकीपाशी बसून एकेक कागद सोडवत गेलो. बहुतेक शेतसारा, लग्नं, भांडणं.

आणि मग दोन भावांच्या वाटणीची यादी. किल्ला घेतल्यानंतर काही वर्षांची. वसईला लढलेला त्यांचा जो पूर्वज — ज्याच्या तसबिरीला आम्ही दर दसऱ्याला हार घालतो — त्याची आणि त्याच्या धाकट्या भावाची वाटणी. बैल चार. म्हैस एक. तांब्याचे हंडे दोन. त्याच्याखाली, त्याच हातानं, त्याच शाईनं — कुणबीण एक, नामे सगुणी, मौजे गास येथील शेतावर. तिची लेक एक.

कुणबीण म्हणजे विकत घेतलेली बाई. तुम्हाला ठाऊक असेल, नसेल म्हणून सांगितलं. आणि लेकीच्या पुढे आणखी एक ओळ होती. ती मी चार-पाच वेळा वाचली, भिंग घेऊन वाचली. लेक थोरल्या भावाची आहे, सबब गासचं शेत तिच्याकडे चालवावं आणि तिच्या वंशाने घरचंच नाव लावावं.

थोरला भाऊ म्हणजे तोच. तसबिरीतला.

बघा काय होतं ते. द्वारकाबाईंनी आडनाव चोरलेलं नव्हतं. हंडे आणि म्हशीच्या खाली ज्या बाईचं नाव लिहिलं, तिच्या लेकीच्या वंशातल्या त्या. अध्यक्ष जितके त्या वीराचे, तितक्याच त्या. हॉलमध्ये उभं राहायचा त्यांचा हक्क माझ्यापेक्षा तर कितीतरी मोठा — माझा मुळी नव्हताच.

मी काय केलं? तो कागद गठ्ठ्यातून काढला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि बायकोच्या कपाटात तिच्या साड्यांखाली ठेवला. लाल फडकं पुन्हा बांधलं, आधी होती तशीच गाठ मारली. दप्तर परत करताना अध्यक्षांनी विचारलं, काही विशेष? मी म्हटलं, शेतसारा, बाकी काही नाही.

मला कुणी धमकावलं नव्हतं. लपवा, असं अध्यक्ष म्हणाले नव्हते — त्यांना माहीतच नव्हतं. कुणास ठाऊक, ते ऐकून म्हणाले असते, बोलवा त्यांना. तसा माणूस वाईट नाही. मी त्यांना ती संधीच दिली नाही. माझ्या डोळ्यांसमोर फक्त एवढंच आलं, की बैठकीत मी हे वाचतोय आणि सगळे माझ्याकडे बघतायत. मग फोन येणं बंद. मग पुन्हा ते रविवार. बटाटेवडे आणि ‘सर, तुमच्याशिवाय होणार नाही’ — एवढ्यासाठी. यापेक्षा मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. नाही सापडत.

द्वारकाबाई चौथ्यांदा आल्या, तेव्हा मी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, सगळे कागद बघितले, तुमच्याबद्दल काही नाही. त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “नीट पाह्यलंत ना मास्तर?”

मी म्हटलं, नीट पाहिलं. एकेक अक्षर.

त्या उठल्या. पायऱ्या उतरताना त्यांना गुडघ्यांचा त्रास व्हायचा, म्हणून मी दर वेळी खालपर्यंत सोडायला जायचो. त्या दिवशी गेलो नाही. पण जाताना त्यांना वाईट वाटू नये म्हणून — की मला वाटू नये म्हणून? — म्हटलं, कार्यक्रम सगळ्यांना खुला आहे, बघायला या.

त्या आल्या. त्या येतील असं मला वाटलंच नव्हतं. मे महिन्यातली सकाळ, हॉलमध्ये पंखे गरगरत होते, फेट्याखाली घाम कपाळावर उतरत होता. द्वारकाबाई ठेवणीतली हिरवी साडी नेसून, केसांत अबोली माळून आल्या आणि पुढून तिसऱ्या रांगेत बसल्या. त्या खुर्च्या घराण्यांसाठी राखलेल्या होत्या. त्यांना ते कसं कळणार? आमच्या चिटणीसबाई त्यांच्यापाशी गेल्या, काहीतरी विचारलं. द्वारकाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. अगदी विश्वासाने. घरचं माणूस दाखवावं तसं.

चिटणीसबाई माझ्याकडे आल्या. “सर, त्या तुमचं नाव सांगतायत. कोण आहेत?”

व्यासपीठावर अध्यक्ष शेजारीच बसले होते. माझ्या हातात नावांचा कागद होता.

“भाजीवाल्या आहेत,” मी म्हटलं. “आमच्या बिल्डिंगमध्ये येतात.”

हे तीन फुटांवरून बोललो नाही, तीस फुटांवरून बोललो. त्यांना ऐकू गेलं नसेल. पण चिटणीसबाई परत गेल्या, आणि त्या काय म्हणाल्या ते मला तिथून दिसलं. द्वारकाबाई लगेच उठल्या. हुज्जत नाही, काही नाही. उठताना त्यांनी खुर्चीची बसायची जागा पदराने पुसली — आपण बसलो म्हणून खराब झाली असेल, तशी. आणि मागे भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी नावं पुकारायला लागलो. अध्यक्षांच्या घराण्याचं, म्हणजे त्यांच्याच आडनावाचं नाव मी खणखणीत आवाजात पुकारलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. टाळ्या संपल्यावर वर बघितलं, तर भिंतीपाशी कुणी नव्हतं.

त्यानंतर त्या माझ्याकडे आल्या नाहीत. मीही गेलो नाही. वसईहून गास किती लांब? रिक्षाने अर्धा तास. दोन वर्षं मी तो अर्धा तास गेलो नाही.

गेल्या दिवाळीनंतर बाजारात गासची एक बाई अळूची पानं विकत होती. तिला सहज विचारलं, द्वारकाबाई कशा आहेत? ती म्हणाली, पावसाळ्यात गेल्या, ताप आला आणि चार दिवसांत गेल्या. मी अळू घेतलं आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी साड्यांखालून ती पिशवी काढली आणि रिक्षा केली. मी सांगायलाच निघालो होतो. शप्पथ घेऊन सांगतो, सांगायलाच.

घरी त्यांची सून एकटी होती. मी नाव सांगितल्यावर तिने लगबगीने खुर्ची पुसली, चहा टाकला. आई तुमची लई आठवण काढायच्या, म्हणाली. मी दगडाचं विचारलं. ती मला बांधावर घेऊन गेली. तिथे काही नव्हतं, मेथीचे वाफे होते.

“तुमच्याकडून आल्या त्याच वर्षी आईंनी नारळ बंद केला,” ती म्हणाली. “म्हनाल्या, मास्तरांनी एकेक अक्षर पाह्यलं, तर आता उगाच कुनाचा दगड पुजायचा? मग त्यांनीच तो काढून विहिरीच्या पायरीला बसवला.”

आजीच्या आजीपासून, तिच्याही आजीपासून चालत आलेलं. दुसरं कुणीही ते पुसू शकलं नव्हतं. माझ्या एका वाक्याने पुसलं गेलं.

सून माझ्याकडे बघत होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. नुसतं विचारायचं म्हणून तिने विचारलं, “नव्हतंच ना काही, मास्तर?”

पिशवी माझ्या खांद्यावरच्या शबनममध्ये होती. हात आत घातला की लागली असती.

“नव्हतं,” मी म्हटलं.

तिने मला मेथीच्या दोन जुड्या दिल्या. मी त्या घेतल्या.

त्या वेळी तिथे मंडळाचं कुणी नव्हतं. अध्यक्ष नव्हते, चिटणीसबाई नव्हत्या. ती होती, मी होतो, आणि दुपारचं ऊन होतं. तरीही मी नव्हतं म्हणालो.