एकाच हातचं खाणं

अनसाबाईला पहिली किळस आली ती त्या काळ्या पिशवीची.

रुपाली मॅडमनी कुत्र्याचा पट्टा तिच्या हातात दिला, जोडीला पिशव्यांची गुंडाळी दिली आणि समजावून सांगितलं, "मावशी, कोकोनं शी केली की पिशवीत हात घालायचा, उचलायची, पिशवी उलटी करून गाठ मारायची आणि गेटजवळच्या डब्यात टाकायची." अनसाबाई साठीला टेकलेली. चाळीस वर्षं मेंढरांमागं हिंडलेली बाई. लेंड्या तुडवल्या, अडलेली कोकरं स्वतःच्या हातानं ओढून काढली, कधी मळमळलं नाही. पण कुत्र्याचं ते गरम गरम प्लॅस्टिकमधून बोटांना लागलं आणि तिनं पिशवी अंगापासून हातभर लांब धरली. घरी जाऊन तिनं साबणानं चारदा हात धुतले आणि सुनेला म्हणाली, "जल्म गेला माझा कुत्र्यांत, पन असली वेळ आली नव्हती बाई."

वडगाव रासाईची ती. चराईची रानं उसाखाली गेली तशी मेंढरं विकली, आणि पोरगा मल्हार सणसवाडीला कंपनीत लागला तेव्हा तीही त्याच्या दोन खोल्यांत येऊन पडली. बसून बसून जीव आंबला होता. शेजारच्या सोसायटीचा वॉचमन सुभान शिरूरचा, बोलायला मोकळा. तोच म्हणाला, "मावशी, चौथ्या मजल्यावरच्या मॅडम कुत्रं फिरवायला मानूस शोधतायत. नवरा बदलीच्या गावी, ह्या दिवसभर हापिसात. कुत्र्याचं तुमच्याएवढं कुनाला कळतंय?" कळत होतं हे खरं. म्हणून ती गेली.

आणि गेली ती काय बघायला गेली! पहिल्याच दिवशी कोकोनं बाहेरून येऊन रुपालीच्या तोंडावर जीभ फिरवली, अगदी ओठांवरून, आणि ती बया खिदळत म्हणाली, "मम्माची पापी घेतो का माझा राजा?" आता तासाभरापूर्वी ह्याच तोंडानं ह्या राजानं गटारातला मेलेला उंदीर हुंगला होता, ते अनसाबाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं मान फिरवली आणि पदर नाकाला लावला. कुत्रं जातिवंत, तपकिरी लॅब्राडोर, पण पोट जमिनीला लागायला आलेलं. चार पावलं चाललं की धापा टाकायचं. अंगाला कसल्याशा अत्तराचा वास. ज्या जनावराला नाकावर जगायचंय त्याच्याच अंगाला अत्तर फासतात, ह्यांना काय म्हणावं?

पण कामाला ती चोख. पहाट फुटता फुटता कोकोला खाली आणायची आणि ऊन रस्त्यावर उतरायच्या आत वर न्यायची; संध्याकाळी ऊन कललं की दुसरी फेरी. फिरून आल्यावर आधी दम खाऊ द्यायचा, मग पाणी, मग खाणं. पोट भरून कधी चालवायचं नाही. पट्टा हाताला गुंडाळायचा नाही, ओढ बसली तर मनगट जातं. पिशवीचीही सवय झाली, आणि मग तिला उलटी किळस यायला लागली ती पिशवी न वापरणाऱ्यांची. फोन कानाला लावून हिंडणारे साहेब लोक! कुत्रं मारुतीच्या कट्ट्यापाशी बसलं की हे आभाळात बघणार, उठलं की पुढं चालणार, जणू मागं काही राहिलंच नाही. एकजण तर भर अकराच्या उन्हात केसाळ कुत्रं डांबरावरून नेत होता. अनसाबाईनं त्याला आडवाच घेतला.

"साहेब, पायातलं काढा आन् ऱ्हावा हितं उभं."

"का?"

"मग न्हाई तर हाताचा पालथा पंजा टेकवा रस्त्यावर. दहा म्हनूस्तवर टिकला तर न्या त्याला. तुमाला बूट हाईत, त्याला कातडंच हाय."

साहेब "ओके, ओके" करत निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरालाच दिसला. थू! असल्या लोकांशी बोलून तोंड तरी का विटाळायचं, असं तिला झालं.

ह्या सगळ्यांत रुपाली मॅडम तिला जास्त नकोशी. ऑफिसातून आली की पिशवीतून बिस्किटं काढायची. एक स्वतः अर्धं खायची, उरलेला तुकडा कुत्र्याला द्यायची. कुत्र्याला कपडे, कुत्र्याला गॉगल. अनसाबाईनं दोनदा सांगून पाहिलं, "मॅडम, गोड नका देऊ, डोळे जातील त्याचे, सांधे धरतील." मॅडम म्हणायची, "मावशी, थोडंसंच हो." तेव्हापासून अनसाबाईनं सांगणं सोडलं. ह्या बाईला कुत्रं नको, खेळणं पाहिजे, असं तिनं मनाशी पक्कं करून टाकलं.

मग सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर तीन भटकी कुत्री मेली. तोंडाला फेस, पाय ताठ. कुणीतरी मटणात औषध घालून टाकलं होतं. कोको तर रस्त्यात दिसेल ते गिळणारा. अनसाबाईनं पट्टा आखडून धरायला सुरुवात केली. हे कुत्रं तिच्या हातात असताना मेलं तर?

त्यांच्या बिऱ्हाडात ह्याच्यावर उपाय होता. मेंढरं पळवायला येणारे आधी कुत्र्याला विषाची भाकरी टाकतात, म्हणून धनगराचं कुत्रं एकाच हातचं खायला शिकवतात. परक्या माणसाच्या हातून तिखटाचा लगदा भरलेला तुकडा द्यायचा. कुत्रं तोंड घालतं, डोळ्यांतून पाणी काढतं. लगेच घरच्या हातानं चांगली भाकरी द्यायची, "घे" म्हणून. जमिनीवर पडलेल्यालाही तसंच. पंधरा दिवसांत कुत्रं असं पक्कं होतं की समोर मटण ठेवलं तरी तोंड फिरवतं. अनसाबाईनं सुभानला हाताशी धरलं, रस्त्यावर तुकडे पेरले, आणि कोकोला शिकवलं. कोको हुशार. जेवणही ती दोन्ही वेळा तळहातावरूनच द्यायला लागली. तिचा "घे" कानावर आल्याशिवाय तो भांड्यातलं शीतसुद्धा उचलेना.

पण त्या शिकवणीचा दुसरा अर्धा भाग होता. कुत्रं पक्कं झालं की त्याच बाईनं घरातल्या एकेकाच्या हातावर भाकरी ठेवायची, त्या हाताखाली आपला हात धरायचा आणि "घे" म्हणायचं. मग कुत्र्याला कळतं, हाही हात आपलाच. तिची सासू ताईबाई ह्याला हात लावून देणं म्हणायची, आणि बजावायची की हे केल्याशिवाय शिकवण पुरी होत नाही. शिकवणारं माणूस दुखण्यात पडलं तर कुत्रं उपाशी मरेल.

अनसाबाईनं रुपालीचा हात लावून दिला नाही.

विसरली नाही ती. रोज आठवत होतं. पण त्या बिस्किटाच्या चिकट बोटांखाली आपला हात धरायचा, ह्या विचारानंच तिला शिसारी यायची. शिवाय संध्याकाळी रुपालीनं बिस्किट पुढं केलं आणि कोकोनं मान वळवली, तेव्हा अनसाबाईला आतून बरं वाटलं. बघ म्हणावं, ओळखलंय जनावरानं तुला. "मूड नाहीये वाटतं," असं म्हणून रुपालीनं बिस्किट डब्यात ठेवलं. अनसाबाई पिशव्यांची गुंडाळी जागेवर ठेवून घरी गेली.

पुढच्या आठवड्यात कोकोचा वाढदिवस निघाला. घर फुग्यांनी भरलं. ऑफिसातल्या सहा-सात बाया, कोकोच्या डोक्यावर चमकती टोपी, तिचं इलास्टिक त्याच्या गळ्यात रुतलेलं. टेबलावर कुत्र्याच्या तोंडाच्या आकाराचा केक. टाळ्या, गाणं, फोन वर धरलेले. रुपालीनं केकचा तुकडा कोकोच्या तोंडाशी नेला. त्यानं तोंड फिरवलं. पुन्हा नेला, पुन्हा फिरवलं. "खा ना रे, बाळा," ती म्हणाली आणि बाया हसायला लागल्या. एकजण म्हणाली, "तुझा लेक तुलाच ओळखत नाही वाटतं." रुपालीचा चेहरा पडला. मग दाराशी उभ्या असलेल्या अनसाबाईकडं वळून ती म्हणाली, "मावशी, तुमच्या हातून खातो तो. भरवा ना. व्हिडिओपुरतं."

अनसाबाईचं डोकं सणकलं. "मी जनावरं पाळलीत, तमाशा न्हाई," ती म्हणाली. "क्रीम चारून कुत्रं मारायचं असंल तर तुमच्या हातानं मारा." तिनं कोकोच्या डोक्यावरची टोपी ओरबाडून काढली, पट्टा खुंटीला अडकवला आणि जिना उतरली. उतरताना चांगले दोन मजले शिव्या देत उतरली.

पाचव्या दिवशी सुभान घरी आला. बसला नाही, चहा नको म्हणाला.

"मावशी, कोको खाईना."

"रुसला आसंल."

"पाच दिस झाले. पानी तेवढं पितोय. शिरूरवरनं डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. रक्त तपासलं, सगळं चांगलं हाय म्हनत्यात. मॅडमनी रजा काढलीय. तुमाला कसं बोलवू म्हनत्यात." मग तो जरा थांबून म्हणाला, "तिखटाचे तुकडे मी दिले व्हते. मला झोप न्हाई. तुमी सांगितलं का न्हाई त्यांना?"

अनसाबाईनं पायात चपला सरकवल्या आणि निघाली.

दार उघडंच होतं. कोको फरशीवर आडवा, मान टाकून पडलेला. त्याच्या पुढच्या पायाला सलाईनची पट्टी. शेजारी खाली टाकलेली गादी, आणि तिच्यावर रुपाली, केस विस्कटलेले, अंगावर चुरगळलेले कपडे. आजूबाजूला वाट्या: उकडलेलं चिकन, भात, दही, अंडं, पाकिटातलं खाणं. बिस्किट एकही नव्हतं. तिच्या हातात भाताचा घास होता, आणि तो धरून धरून वाळला होता. तिनं अनसाबाईकडं पाहिलं आणि रडायलाच लागली. "मावशी, माझं काय चुकलं ते सांगा हो. मी सगळं तुमच्यासारखं केलं. सकाळी लवकर नेलं. गोड बंद केलं. मीठ न घालता शिजवलं."

अनसाबाईला त्या क्षणी जी किळस आली तशी जन्मात आली नव्हती, आणि ती ह्या बाईची नव्हती. ती खाली बसली. वाटीतल्या चिकनचा तुकडा तळहातावर घेतला आणि म्हणाली, "घे." कोकोनं मान उचलून तो गिळला. दुसरा गिळला. शेपटी फरशीवर दोनदा आपटली. रुपाली तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

"हात हिकडं आना," अनसाबाई म्हणाली. तिनं रुपालीच्या तळव्यावर घास ठेवला, खाली आपला हात धरला. "घे." कोकोनं हुंगलं, वर पाहिलं, आणि खाल्लं. असं पाच-सात वेळा केलं. मग अनसाबाईनं आपला हात हळूच काढून घेतला. कोको थबकला. "आता तुमी म्हना," ती म्हणाली. "घे," रुपाली कसंबसं म्हणाली, आणि कोकोनं खाल्लं.

वाटी अर्धी रिकामी झाली. मग रुपालीनं मान वर न करता विचारलं, "हे एवढंच करायचं होतं?"

"व्हय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. एकाच हातचं खायाला मीच शिकवलं त्याला. इषापासनं वाचावा म्हनून. तुमचा हात लावून द्यायचा राह्यला न्हवता, मीच दिला न्हाई." मग तिला वाटलं, आता अर्धवट सांगण्यात काय अर्थ. "किळस यायची मला तुमची."

रुपालीनं पुढचा घास घेतला. तिनं तो नीट कोकोच्या तोंडाशी नेला.

"आता तुम्ही कधीच आला नाहीत, तरी माझ्या हातचं खाईल तो?"

"खाईल."

"मग जा तुम्ही."

अनसाबाई उठली. दाराशी जाऊन तिनं एकदा मागं पाहिलं. कोको खात होता, त्यानं मान वर केली नाही.