जोडावरचं कुंकू

दाजींनी गाडी बनवली तेव्हा मला त्यांचा हेवाच वाटला होता, खोटं कशाला सांगू. लातूरला त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान. उसाच्या ट्रॉल्या, लोखंडी फाटकं, असलं काम. कुठून तरी भंगारातली जीप आणली, टप कापलं, दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलं, रुंद टायर घातले, अन् पुढून गाडी इतकी खाली दाबली की बॉनेट रस्ता हुंगत चाललंय असं वाटावं. दोन वर्षं खपले त्यात. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, फोनवर म्हणायची, "सवत आणून ठेवलीय दारात. तिलाच न्हाऊमाखू घालायलेत."

माझं नांदेडला गॅरेज. पुढच्या चाकांचं काम, पाटे, बुश, स्टेअरिंगचे रॉड, हीच माझी भाकरी. म्हणून दसऱ्याला लातूरला गेलो तेव्हा बाकीचे बॉनेटवरचा झेंडूचा हार बघत होते, अन् मी वाकून गाडीच्या पोटाखाली बघत होतो. खोडच आहे ती.

कमानीचे पाटे चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, ज्या ब्रॅकेटांत अडकतात, ती ब्रॅकेटं दाजींनी कापून चार बोटं वर नेली होती अन् पुन्हा वेल्ड केली होती. गाडी खाली बसली ती त्यामुळं. वेल्डिंग कसलं, भिंतीवर थापलेली गोवरीच! दिसायला भक्कम, एवढंच. गंज न घासता मारलेलं वेल्डिंग असंच फुगतं. वर बसतं, आत धरत नाही. ट्रॉलीला एखाद्या वेळी निभतं, ती ट्रॅक्टरमागं सावकाश जाते. इथं तो जोड सुटला तर चाक मागं सरकणार, अन् ऐंशीच्या स्पीडला गाडी कुणाच्या बापाचं ऐकणार नाही.

अन् नेमकं त्याच जोडावर दाजी कुंकू लावत होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात वाटी. पाण्यात कालवलेलं झडून जातं म्हणून तेलात कालवलं होतं. "हत्याराची पूजा करतो तशी हाताच्या कामाचीबी करावी. बघून घ्या मेव्हणे, नांदेडात कुणी असला जोड मारून दाखवावा!"

मी म्हणालो, "एक नंबर, दाजी."

जीभ झडली नाही माझी. काय करणार? आमच्यात जावयाच्या कामात खोट काढत नाहीत. दाजी घरी आले की आमचे वडील खुर्ची सोडून सतरंजीवर बसायचे, तेच बघत मोठा झालो. त्यात दसरा, पूजा मांडलेली. हळदकुंकू लावलेल्या वस्तूला त्या दिवशी नाव ठेवलं तर अपशकुनच. मनात म्हटलं, चार दिवसांनी फोन करू. आपट्याची पानं दिली, पाया पडलो अन् एसटीनं परत आलो.

चार दिवसांनी फोन केलाही. "दाजी, ते जरा गाडीचं पुढचं..." म्हणालो. "काय झालं पुढच्याला?" त्यांचा आवाज चढला. मी म्हणालो, "काही नाही, टायरमधली हवा बघत जा." थू माझ्या जिनगानीवर! फोन ठेवला अन् स्वतःलाच शिव्या घातल्या.

मग अक्काचा फोन आला. "भाऊबीजेला यष्टी न्हाई बरं का. आमच्या गाडीनं येतो आम्ही. पोरगी तर शाळंलाबी त्याच गाडीत जायली." माझी भाची नववीत. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. लातूरचा नंबर वाजला की आधी अपघातच मनात यायचा. चाकूर, अहमदपूर, लोहा, सगळा रस्ता डोळ्यांपुढून जायचा. कुठं उतार, कुठं खड्डा, कुठं उसाच्या गाड्या आडव्या येतात, सगळं. गिऱ्हाइकाच्या गाडीखाली पडलो तरी मला तोच जोड दिसायचा.

शेवटी पळवाट काढली. "यंदा मीच येतो ओवाळून घ्यायला," असं अक्काला कळवलं अन् दिवाळीच्या पाडव्याला सकाळीच पान्यांची पिशवी घेऊन लातूरला हजर झालो. दाजींना म्हणालो, "आलोच आहे तर ग्रीसिंग करून देतो." खूश झाले बिचारे.

गाडी उचलून ठोकळ्यांवर ठेवली, पोतं अंथरून खाली शिरलो. डिझेलच्या बोळ्यानं डावा जोड पुसला. धूळ गेली, तेल गेलं, दसऱ्याचं कुंकूही गेलं. एक रेघ मात्र गेली नाही. केसाएवढी बारीक, लालभडक, ब्रॅकेटच्या वरच्या टोकापासून निम्म्यापर्यंत उतरलेली. नखानं खरवडली, पुन्हा पुसली. तशीच. तेलानं कुंकू आत ओढून नेलं होतं. आत जायला भेग होती म्हणून.

"दाजी, खाली या," मी ओरडलो. जन्मात पहिल्यांदा त्यांना हुकूम सोडला.

ते शेजारी येऊन आडवे झाले. "कुंकू राहिलंय," म्हणाले.

"पुसा मग," म्हणून मी बोळा हातात दिला.

त्यांनी पुसलं. पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा दाबून पुसलं अन् हात थांबला. वेल्डिंगमधला माणूस, त्यांना सांगायला काय लागतं? वर बघतच म्हणाले, "काल पोरगी पुढच्या शिटावर व्हती. निलंग्याच्या रोडला नव्वदनं नेली मी."

मी पान्यांची पिशवी जवळ ओढली.

दिवस मावळेपर्यंत काम केलं. डावं ब्रॅकेट हातोड्याच्या दोन घावांत निघून आलं. खाली सगळा गंज. उजवंही कापलं. लोखंड चकचकीत होईपर्यंत दाजींनी स्वतः ग्राइंडर धरला. नवी जाड ब्रॅकेटं मूळच्या जागी बसवली, चेसिसला मागून पट्टी देऊन आरपार बोल्ट घातले, मगच वेल्डिंग. गाडीचं नाक वर आलं. दाजी लांब उभं राहून बघत होते. "आता नुसती जीपच दिसायली," एवढंच म्हणाले.

भाऊबीजेच्या सकाळी पाटावर बसलो. अक्कानं डोक्यावर रुमाल टाकला, कुंकवाचं बोट माझ्या कपाळापाशी आणलं अन् थांबली.

"दसऱ्याला वाकून बघत व्हतास तू. म्या बघितलं. तवाच कळलं व्हतं का न्हाई?"

"शंका आली होती."

"अन् बोलला न्हाईस."

"दाजींचा मान..."

"अरे, मीच न्हाई राहिले तर कशाचे दाजी अन् कशाचा मान?"

भाची निरांजन धरून उभी होती, दाजी उंबऱ्यात. अक्कानं कुंकू लावलं, इतकं दाबून की मान मागं गेली. मग ओवाळलं.

"यष्टीनं जायचं न्हाई तू," तबक खाली ठेवत ती म्हणाली. "नांदेडला आम्ही सोडतो तुला, ह्याच गाडीनं. मी पुढं बसणार, पोरगी मागं. काही राहिलं असंल तर आत्ताच बोल."

मी पाटावरून उठलो, पाना घेतला अन् पुन्हा गाडीखाली शिरलो.