डबा लहान हाय, खोटा न्हाय

‘नेट स्लो आहे’ एवढ्यावर आक्कांचं कधीच भागायचं नाही. “कुठनं कुठवर स्लो?” हा त्यांचा पहिला प्रश्न. ग्राहक गडबडायचा. मग त्या स्वतःच लॅपटॉप घेऊन एकेक टप्पा मोजत जायच्या.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या इंटरनेट कंपनीत त्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. मी तक्रारी लिहून घ्यायचो, त्या निस्तरायच्या. माहेर सीमेकडचं, कानडी बोलणारं. त्यामुळे वयानं मोठे असलेले साहेबसुद्धा त्यांना आक्काच म्हणत. “बाईमाणसानं शिडीवर कशाला चढायचं?” असं एकानं विचारलं, तेव्हा वरूनच उत्तर आलं, “शिडीला कळत न्हाय की, बाई हाय का बाप्या!”

एकदा राधानगरीकडच्या एका दवाखान्यातून तक्रार आली. तिथले डॉक्टर पेशंटचे रिपोर्ट व्हिडिओवरून कोल्हापूरच्या तज्ज्ञांना दाखवायचे. आठ दिवस चित्र गोठत होतं. साहेब म्हणाले, “राउटर छोटा आहे, झेपत नसेल. नवा घ्या म्हणावं.” आक्का मला घेऊन निघाल्या.

लाइन थेट लॅपटॉपला जोडली, तर वेग पुरेपूर. राउटरमधून घेतली, तर दहावा हिस्सासुद्धा नाही.

“म्हणजे साहेबांचंच खरं,” मी म्हणालो.

“गेल्या म्हैन्यात ह्योच डबा पळत हुता की! डबा लहान हाय, खोटा न्हाय.”

त्यांनी राउटरची सेटिंग उघडली. आमच्याच ऑफिसनं नुकत्याच पाठवलेल्या अपडेटमुळे तो आतून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची, म्हणजे माहितीच्या एकेका तुकड्याची, नोंद करत बसला होता. इवलासा प्रोसेसर त्यातच दमून गेला होता. आक्कांनी नोंद बंद केली, वेग परतला. मी वायर गुंडाळायला लागलो.

“थांब.” त्यांनी ती पुन्हा चालू केली, पुन्हा बंद केली. तीन वेळा. “एकदा झालं तर नशीब, तीनदा झालं तर कारण.”

त्याच दुपारी तिथल्या एका म्हातारीचा हृदयाचा आलेख पाहून कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, “आत्ताच्या आत्ता इकडे पाठवा.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आक्कांपुढे तयार अहवाल ठेवला : पावसामुळे केबल खराब. तसाच राउटर आणि तेच अपडेट शेकडो घरांत होतं. चूक कबूल करायची कुणाची तयारी नव्हती.

“केबलला तोंड न्हाय म्हणून तिच्यावर ढकलता व्हय?” आक्का म्हणाल्या. “मी सही करणार न्हाय.”

“मग उद्यापासून येऊ नका.”

त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि त्या बाहेर पडल्या. साहेबांनी तोच कागद माझ्याकडे सरकवला. घरी दोन लेकरं होती. मी ‘पावसामुळे केबल’ खोडून ‘आपलं अपडेट’ लिहिलं आणि खाली सही केली.